विश्लेषण : चाळिशीचा चष्मा शस्त्रक्रियेने कायमचा सुटतो का?

‘चाळिशी’ हा शब्द मराठीत वयालाही लागतो आणि चष्म्यालाही. हा चष्मा काही मिनिटांत घालवून देण्याच्या जाहिराती आता सर्रास दिसतात. अशा शस्त्रक्रिया आहेत आणि अनेकांना त्यांचा उपयोगही होतो. मात्र त्यातील एकही विशीतला डोळा परत देत नाही. प्रत्येक शस्त्रक्रिया एक सोय देते आणि तिच्या बदल्यात काही तरी घेते. हा हिशेब रुग्णासमोर मांडला जातो का, हा कळीचा मुद्दा आहे.

जवळचे दिसणे कमी का होते?

डोळ्यातील नैसर्गिक भिंग लवचीक असते. जवळचे पाहताना त्याच्या भोवतीचा स्नायू आकसतो, भिंग फुगते आणि अक्षर स्पष्ट दिसते. वयानुसार भिंग कडक होत जाते. चाळिशीच्या आसपास ते जाणवू लागते आणि साठीपर्यंत ही क्षमता जवळपास संपते. केस पिकण्यासारखाच हा बदल आहे; तो कोणालाही चुकत नाही.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय लेसरचा. यात बहुधा एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवला जातो. बहुतेकांचा मेंदू याला सरावतो, पण सर्वांचा नाही. अंतराचा अचूक अंदाज थोडा कमी होतो. चालक, सोनार किंवा शिवणकाम करणाऱ्यांसाठी ही बाब लहान नाही.

दुसरा पर्याय भिंग बदलण्याचा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेप्रमाणेच नैसर्गिक भिंग काढून दूर आणि जवळ दोन्हीकडचे दाखवणारे ‘मल्टिफोकल’ भिंग बसवतात. त्यात प्रकाश विभागला जात असल्याने रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि अंधुक उजेडात रंगछटांमधील फरक कमी जाणवतो.

तिसरा पर्याय बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात सूक्ष्म चकती बसवण्याचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा एका चकतीला २०१५ मध्ये आणि दुसरीला २०१६ मध्ये मान्यता दिली. पडदा धुरकट होण्याच्या तक्रारींमुळे दुसरी चकती २०१८ मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली. मान्यता मिळाली म्हणजे दीर्घकाळाची खात्री मिळाली असे नव्हे, हा त्यातला धडा.

‘कायमचा’ म्हणजे किती काळ?

लेसर पारदर्शक पडद्याचा आकार बदलतो. आतले भिंग कडक होत राहतेच. त्यामुळे काही वर्षांनी पुन्हा चष्मा लागू शकतो. पुढे मोतीबिंदू झाला, तर कृत्रिम भिंगाचा नंबर काढणेही अवघड जाते. म्हणून लेसरपूर्वीची कागदपत्रे जपून ठेवायला हवीत.

भिंग बदलल्यावर मोतीबिंदूचा प्रश्न उरत नाही. पण पंचेचाळिशीत निरोगी भिंग काढणे म्हणजे शिल्लक असलेली लवचीकताही गमावणे. मोठा उणे नंबर असलेल्यांमध्ये दृष्टिपटल सुटण्याचा धोका वाढतो. मधुमेहाने दृष्टिपटलावर परिणाम झालेला असेल, काचबिंदू असेल किंवा डोळे फार कोरडे असतील, तर मल्टिफोकल भिंग बहुधा योग्य ठरत नाही.

मग थेंबांचे काय?

बाहुली आकसवून जवळचे दिसणे सुधारणाऱ्या थेंबांना अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्यांचा परिणाम काही तासांचा असतो. भारतात २०२४ च्या ऑगस्टमध्ये अशा थेंबांना परवानगी मिळाली आणि प्रसिद्धीतील अवाजवी दाव्यांमुळे केंद्रीय औषध नियंत्रकांनी सप्टेंबरमध्ये ती स्थगित केली. औषधाच्या जाहिरातीला लावलेली ही कसोटी शस्त्रक्रियेच्या जाहिरातीला का लावू नये?

साधा चष्मा कमी लेखायचा का?

आसाममधील चहामळ्यांत चाळिशीपुढील मजुरांना जवळचा चष्मा दिल्यावर त्यांची पानखुडणी सुमारे २२ टक्क्यांनी वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दुसरीकडे, २०१५ च्या अंदाजानुसार जगात सुमारे १८० कोटी लोकांची जवळची दृष्टी वयामुळे कमी झाली होती आणि त्यांपैकी ८० कोटींहून अधिकांकडे पुरेसा चष्मा नव्हता. तांदूळ निवडणाऱ्या, सुई ओवणाऱ्या, गोळीच्या पाकिटावरील तारीख वाचणाऱ्या हातांना आधी हा चष्मा मिळायला हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो सहज मिळणे ही खर्चिक मागणी नाही.

काय व्हायला हवे?

मोतीबिंदू झालाच असेल आणि भिंग बदलायचेच असेल, तर कोणते भिंग घ्यावे याचा विचार जरूर करावा. निरोगी डोळ्याच्या बाबतीत मात्र घाई नको. दोन डोळ्यांना वेगळे नंबर देण्याआधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स लावून तसे पाहणे जमते का, हे तपासून घ्यावे. चष्मा किती कामांसाठी उरेल, रात्री गाडी चालवताना काय होईल, त्रास झाल्यास भिंग पुन्हा बदलता येईल का आणि त्याचा खर्च कोणाचा, हे विचारावे. ही उत्तरे रुग्णालयांनी शस्त्रक्रियेपूर्वी मराठीत लेखी द्यावीत. संमतीपत्रावर सही घेताना ते वाचायला रुग्णाजवळ चष्मा आहे ना, एवढे तरी पाहावे.