नमुन्यात पाणी किती होतं?

‘सर, घनता पाच दशांश स्थळांपर्यंत आली!’ असं सांगत पीएच.डी.चा विद्यार्थी खुशीत येतो, तेव्हा मी एकच विचारतो, नमुन्यात पाणी किती होतं? उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘बाटलीवर ९८ टक्के शुद्ध असं लिहिलंय.’

नमुना असतो आयनिक द्रवाचा. आयनिक द्रव म्हणजे क्षारच, पण कमी तापमानाला वितळणारे. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली नोंदवलेला इथिलअमोनियम नायट्रेट १२ अंशांनाच वितळतो. आज हे द्रव बॅटऱ्यांपासून वायू शोषण्यापर्यंत अनेक कामांसाठी तपासले जातात. अडचण त्यांच्या दाटपणाची, म्हणजे व्हिस्कॉसिटीची. बरेचसे पाण्याच्या पन्नास-शंभर पट दाट असतात. मिथेनॉल किंवा इथेनॉल घातलं की व्हिस्कॉसिटी झपाट्याने उतरते. किती उतरते, हे कळल्याशिवाय पंप आणि पाइपचा हिशेब जमत नाही. म्हणून मोजमाप.

पण पाणीही तेच करतं. हे द्रव हवेतला ओलावा ओढून घेतात. आमच्या कोकणात जुलैमध्ये बाटली थोडा वेळ उघडी राहिली तरी पुरे. केनेथ सेडन आणि सहकाऱ्यांनी २००० सालीच दाखवून दिलं होतं, की पाण्याने व्हिस्कॉसिटी घटते आणि तयार करताना मागे राहिलेल्या क्लोराइडने वाढते. मिश्रणात तर आणखी नाजूक खेळ असतो. पन्नास मिली पाणी आणि पन्नास मिली इथेनॉल मिळून शंभर होत नाहीत, सत्त्याण्णवच्या आसपास भरतात. आयनिक द्रव आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात आकारमानातला हा फरक बऱ्याचदा याहून बारीक असतो. पाणी न मोजता, नुसत्या घनतेवरून या फरकाचा आलेख काढणं म्हणजे मोजमापाचं नाटक. आलेख मात्र सुबक येतो!

आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रकल्पात एकाच आयनिक द्रवाचे नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांना देऊन आकडे ताडून पाहिले गेले. आपल्याकडे मात्र घनता मोजणारं महागडं डेन्सिटी मीटर येतं, फीत कापली जाते, पण पाणी मोजणाऱ्या कार्ल फिशर उपकरणाच्या रसायनांसाठी दरवर्षी पैसे मागायचे म्हटलं की कपाळावर आठ्या. जिल्ह्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एक उपकरण चालवावं. आणि परीक्षकांनी प्रबंधातल्या घनतेच्या तक्त्यात पाण्याचा रकाना नसेल, तर प्रबंध सरळ परत पाठवावा. एकदा असे चार प्रबंध परत आले, की रसायनांचे पैसे कुठून तरी निघतील.