निष्क्रिय खाते

तुळशीचे लग्न उरकले आणि मुकुंदवाडीतल्या आमच्या घरात पुतणीच्या लग्नाची लगबग सुरू झाली. अशातच तिने एका संध्याकाळी जाहीर केले, "काका, येत्या शनिवारी-रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी वेरूळ बघून म्हैसमाळला राहणार आहोत. लग्नाआधीची शेवटची सहल."

धाकट्या भावाच्या कपाळावर आठी उमटली. हळद लागायला दहा दिवस उरले असताना नवऱ्या मुलीने गावाची वेस ओलांडायची? ही पाश्चात्त्यांची थेरं आपल्याकडे कशाला? खोटे कशाला बोलू, मीही मान डोलावली.

मेथी निवडत बसलेली आमची सौ. तेवढ्यात म्हणाली, "जाऊ द्या तिला. आम्ही चौघीही म्हैसमाळला जाणार होतो. राहूनच गेलं."

आमचे लग्न 1987 सालचे. इतक्या वर्षांत हे मी प्रथमच ऐकत होतो.

विलायतेत अशा सहलींना काय म्हणतात ते सोडा. मैत्रिणींनी मैत्रिणीला निरोप द्यावा, यात परके काय आहे? आपल्याकडे केळवण होतेच, पण ते नातेवाइकांचे. लग्नानंतर पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर असे. पूजा देवीची, रात्र मात्र मैत्रिणींची. झिम्मा, फुगड्या आणि पहाटेपर्यंत चाललेल्या गप्पा. सासुरवाशिणीला बरोबरीच्या बायकांत मोकळे हसता यावे, याची सोय धर्माच्या नावाने का होईना, जुन्या माणसांनी करून ठेवली होती. आता मंगळागौर हॉलमध्ये होते आणि खेळ करणारे गट पैसे देऊन बोलावता येतात. रात्र तेवढी हरवली.

या सहलींत दिखाऊपणा शिरतो, हा आक्षेप खोटा नाही. महागडी हॉटेले, एकसारखे कपडे आणि ऐपत नसलेल्या मैत्रिणीची कुचंबणा. पण आमच्या पुतणीच्या चौघींतल्या एकीला अजून नोकरी नाही. तिला अवघड वाटू नये म्हणून साधी खोली ठरली आणि दशम्या-चटणीचे डबे घरून निघाले. दिखावा टाळता येतो. त्यासाठी सहलच टाळायला नको.

माझी खरी चिंता निराळी आहे. 'शेवटची सहल' या शब्दांची. नवरा मुलगा लग्नानंतर मित्रांना सोडतो का? मी नाही सोडले. बँकेत दर तीन-चार वर्षांनी बदली होई. मला नव्या शाखेत सहकारी आयते मिळत. हिला मिळे ते नवे स्वयंपाकघर. एलटीसीवर आम्ही कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलो, पण तुला तुझ्या मैत्रिणींकडे जायचे आहे का, हे मी कधी विचारले नाही. तिनेही मागितले नाही, आणि मी त्यालाच समाधान समजत आलो.

बँकेत दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही, की बचत खाते निष्क्रिय होते. दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही खातेदार कागदपत्रे घेऊन आला, तर त्याचे पैसे त्याला परत मिळतात. मैत्रीच्या बाबतीत अशी हमी कोणी देत नाही.

पुतणी सहलीहून परतली, वेरूळच्या लेण्यातल्या शिवपार्वतीच्या लग्नाचे फोटो दाखवू लागली. त्या रात्री हिने जुनी वही काढली. दोन दिवस फोनाफोनी झाली. एक मैत्रीण जालन्यात सापडली. दुसरीचा पत्ता लागला नाही. तिसरी तीन वर्षांपूर्वीच वारली होती; हिला ते आता कळले. ही बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसून होती. मला काही बोलता आले नाही.

लग्न ठरवताना आपण याद्या करतो. मानपान, आहेर, पंगती, सगळे लिहून काढतो. त्या यादीत मुलीकडच्यांनी एक कलम निःसंकोच घालावे: वर्षातून दोन दिवस ती तिच्या मैत्रिणींची. आणि ते सासरच्यांनी हसून मान्य करावे.

पुढच्या महिन्यात जालन्याची मैत्रीण येणार आहे. दोघी म्हैसमाळला जाणार आहेत. गाडी मी ठरवून दिली आहे. बरोबर जाणार नाही.