नातवाच्या चष्म्याचा नंबर वारंवार बदलत असेल तर…

वैशाखात धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो, धूळ उडते आणि घरोघरी मुले डोळे चोळू लागतात. ‘ऊन बाधले’ म्हणून आपण गार पाण्याने डोळे धुवायला सांगतो आणि बहुधा तेवढ्याने भागतेही. मात्र एखादे मूल बारमाही डोळे चोळत असेल, त्याचा तिरपा नंबर सारखा वाढत असेल आणि नवा चष्मा लावूनही त्याला अक्षरे दुहेरी किंवा पसरट दिसत असतील, तर तो केराटोकोनस असू शकतो. आई-वडील कामावर गेले की मुलांकडे आपलेच लक्ष असते. म्हणून आजचे हे लेखन खास आजी-आजोबांसाठी.

विकार कोणता?

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. या विकारात तो हळूहळू पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. विकार बहुधा किशोरवयात सुरू होतो व पुढे काही वर्षे वाढत राहतो. ॲलर्जी, डोळे जोराने चोळण्याची सवय आणि आनुवंशिकता यांच्याशी त्याचा संबंध आहे.

हा विकार आपल्याकडे अगदी दुर्मीळ नाही. नागपूर परिसरातील खेड्यांत तिशीपुढील ४६६७ जणांची पाहणी झाली. पारपटलाची वक्रता ४८ डायॉप्टर वा अधिक, हा निकष लावल्यावर त्यांपैकी शेकडा दोनांहून अधिक लोकांत तो आढळला, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

येथे थांबणे नको

आपल्या पिढीला मोतीबिंदू परिचित आहे. ‘पिकला की काढू’ असे पूर्वी म्हणत आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी परतही येई. तोच हिशेब येथे लावू नये. पारपटलाची गेलेली जाडी परत येत नाही. म्हणून ‘परीक्षा होऊ द्या, मग पाहू’ असे म्हणत वर्ष घालवणे महागात पडते.

क्रॉस-लिंकिंग म्हणजे काय?

जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या या उपचाराचे रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. डोळा थेंबांनी बधिर करून पारपटलावरचा नाजूक थर दूर करतात. मूळ पद्धतीत अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, थेंब घालतात आणि नंतर अर्धा तास ठरावीक मात्रेत अतिनील किरण सोडतात. त्यामुळे पारपटलातील कोलॅजेनच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात.

विरलेल्या गोधडीला आपण आडवे टाके घालतो. गोधडी नवी होत नाही, पण पुढे फाटत नाही. हा उपचारही तसाच आहे. त्याने बहुतेकांची घसरण थांबते. चष्मा मात्र सुटत नाही. पुढे चष्मा किंवा विशेष कडक लेन्स लागू शकते. हे आधी समजून घेतले नाही, तर ‘पैसे खर्चूनही नंबर तसाच’ अशी निराशा पदरी येते.

मूळ पद्धतीसाठी पारपटलाची जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी लागते. उशीर झाला की पर्याय कमी होतात आणि काहींना अखेरीस नेत्रदानातून मिळालेल्या पारपटलाचे रोपण करावे लागते.

ब-२ च्या गोळ्या घेऊन किंवा सूर्याकडे पाहून हा परिणाम साधत नाही. उलट, सूर्याकडे पाहिल्याने दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

घरी काळजी

पहिले दोन-तीन दिवस डोळा दुखतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. डोळ्यावर काही दिवस संरक्षक लेन्स असते. ती स्वतः काढू नये. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, थेंब वेळेवर घालावेत. काही आठवडे धूसर दिसणे अपेक्षित आहे. परंतु वेदना वाढली, लाली वा पू दिसला किंवा दृष्टी एकाएकी घटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. डोळे चोळणे मात्र कायमचे बंद. खाज सुटल्यास बंद पापणीवर गार पाण्याची घडी ठेवावी व ॲलर्जीवर उपचार घ्यावेत.

आपण काय करावे?

मुलाच्या जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. नंबर किती वेगाने वाढला हे त्यांवरून कळते. नेत्रतज्ज्ञांना ‘कॉर्नियाची टोपोग्राफी हवी का?’ असे स्पष्ट विचारावे. ती सोय जवळ नसेल तर कोठे जावे, याची चिठ्ठी मागून घ्यावी. भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.

नातवाचा हात डोळ्याकडे गेला की आपण तो हळूच खाली घ्यावा. औषधाची चिठ्ठी हाती येण्याआधीही एवढे आपल्याला करता येते.