शेळीचे औषध, प्रयोगशाळेतली बाटली

धाराशिवकडच्या खेड्यांत दारात एक तरी काळी उस्मानाबादी शेळी हवीच, असे मानणारी घरे पुष्कळ. आमचेही त्यातलेच. पुण्यात जीवशास्त्र शिकणारी आमची भाची सुट्टीत आली आणि कोनाड्यातली इंजेक्शनची बाटली पाहून म्हणाली, "खाला, टायलोसिन? हे तर आमच्या लॅबमध्ये असतं!"

शेळीच्या फुप्फुसाच्या आजारावरचे औषध लॅबमध्ये कशाला?

तिने सांगितले ते असे. औषधे, लसी तपासायला माणसाच्या, जनावरांच्या पेशी गुलाबी द्रवात, ३७ अंशांवर वाढवतात. हा द्रव म्हणजे आयते जेवण. जंतूही त्यावर तुटून पडतात. बहुतेक जंतू शिरले की द्रव गढूळ होतो, चोरी पकडली जाते. मायकोप्लाझ्मा मात्र चोरपावलांचा. द्रव स्वच्छ, साध्या सूक्ष्मदर्शकातही काही दिसत नाही, आणि प्रयोगाचे आकडे चुकत राहतात. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही. याला भिंतच नाही! शेळ्यांचा तो संसर्गजन्य आजारही याच जातीच्या जंतूचा.

टायलोसिन, एरिथ्रोमायसिन, आपल्या घरोघरची अ‍ॅझिथ्रोमायसिन ही मॅक्रोलाइड कुळातली भावंडे. ती जंतूचा प्रथिने बनवण्याचा कारखाना अडवतात. आपल्या पेशींचा कारखाना वेगळ्या घडणीचा, म्हणून लिटरला आठेक मिलिग्रॅम टायलोसिन पेशींना सोसते.

"मग रोजच घालत असाल?"

"छे! औषधाने जंतू दबतो, मरतोच असं नाही. औषध काढलं की परत येतो, आणि उरलेला जास्त चिवट असतो."

म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत दूषित बाटली वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून फेकतात. औषधाने वाचवण्याची धडपड फक्त पुन्हा न मिळणाऱ्या पेशींसाठी. बाकीच्या नव्याने मागवतात. पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये पेशींची बँक आहे. आणि नव्या पेशी आल्या की तपासणी होईपर्यंत वेगळ्या ठेवायच्या. बाजारातून आणलेली शेळी आपण काही दिवस निराळी बांधतो, तसेच.

एवढे झाल्यावर तिने बाटली उजेडात धरली. निम्मी भरलेली.

"डॉक्टरांनी किती दिवस सांगितलं होतं?"

"तीन."

"दिलं किती?"

एकच दिवस. खोकला थांबला होता ना! शेजारच्या डब्यात तीनपैकी दोन गोळ्या उरलेली अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टीही तिला सापडली. ती आमची स्वतःची.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला आहे. ते येईपर्यंत शेळी इतरांपासून दूर, लिंबाखाली बांधली आहे. कालपासून पुन्हा खोकते आहे.