घाम, लाज आणि औषधाची चिठ्ठी

घामाला मराठी भाषेने मोठा मान दिला आहे. कष्टाच्या कमाईला घामाचा पैसा म्हणतात आणि घाम गाळणाऱ्या माणसाकडे आदराने पाहतात. परंतु हा सारा गौरव कपाळावरच्या घामाच्या वाट्याला आला. तोच घाम काखेत सुटून कपड्यावर त्याचा ओला डाग उमटला, की आदराची जागा कुचेष्टा घेते. फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर नेताना संकोचणारी शिक्षिका, समोरच्याचा अर्ज घेतानाही कोपर अंगाशी घट्ट धरणारा कारकून, डाग दिसू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात जाड, गडद कपडे घालून तोंडी परीक्षेला जाणारा विद्यार्थी, अशी माणसे प्रत्येक शाळेत आणि कचेरीत असतात. त्यांच्या त्रासाला आजार म्हणावे असे इतरांना वाटत नाही; आणि दुर्दैव असे, की त्यांना स्वतःलाही वाटत नाही.

वस्तुतः साधा घाम आणि रोगाचा घाम यांत स्पष्ट भेद आहे. माणसाच्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि अंग थंड ठेवणे हे त्यांचे मुख्य काम. मे महिन्यात मुंबई-रत्नागिरीकडच्या दमट हवेत सर्वांचेच कपडे भिजतात, कारण अशा हवेत घाम लवकर सुकत नाही. त्याला औषध नको, वारा हवा. पण काही माणसांत ग्रंथी निरोगी असूनही मज्जातंतूंकडून त्यांना मिळणारा हुकूमच अवाजवी असतो. हवा गार असो, मन स्वस्थ असो, काखेतून धारा लागतात. वैद्यकात याला ‘हायपरहायड्रोसिस’ म्हणतात. उघड कारण नसताना सहा महिन्यांहून अधिक काळ घाम येत राहणे, दोन्ही बाजूंना सारखाच येणे, आठवड्यातून निदान एकदा तरी त्रास होणे, झोपेत तो थांबणे, पंचविशीच्या आत सुरुवात होणे, घरात आणखी कुणाला तो असणे आणि त्यामुळे रोजच्या कामात अडथळा येणे, ही त्याची ओळखण्याची लक्षणे. रोज तीनदा आंघोळ केल्याने तो जात नाही, कारण तो अस्वच्छतेतून आलेलाच नसतो.

अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत तेथील सुमारे २.८ टक्के लोकांना अतिघामाचा त्रास असल्याचे आढळले आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो काखेत होता. याहून बोलका आकडा दुसराच आहे. या विषयी वैद्यकीय व्यक्तीशी कधी बोललेल्यांचे प्रमाण अवघे ३८ टक्के निघाले. औषधोपचाराची एवढी सुविधा असलेल्या समाजात ही स्थिती असेल, तर जिथे काखेचा उल्लेखही चारचौघांत असभ्य मानला जातो तिथे काय असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

या मौनाचा फायदा बाजाराने पुरेपूर उठविला आहे. दूरचित्रवाणीवरील जाहिराती तरुणांना सुगंधाचे फवारे विकतात. परंतु सुगंधी फवारा वास झाकतो, घाम थांबवीत नाही. मुळात ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. त्वचेवरील जिवाणू काखेतील स्रावाचे विघटन करतात तेव्हा दुर्गंधी उत्पन्न होते. म्हणजे डागाने हैराण झालेल्या माणसाला वासावरचा उपाय विकला जातो, आणि तो निष्फळ ठरला की दोष आपल्याच शरीराचा, असे मानून तो अधिक खजील होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण इतकी शब्दशः क्वचितच लागू पडत असेल.

कारण उपाय खरोखर जवळच आहे आणि तो फार महागही नाही. न्हाव्याच्या पेटीतील तुरटी ॲल्युमिनियमचाच एक क्षार असते. त्याच कुळातील ॲल्युमिनियम क्लोराइडचे सुमारे वीस टक्के तीव्रतेचे द्रावण ही या व्याधीवरील पहिली पायरी मानली जाते. हा क्षार घर्मग्रंथीच्या तोंडाशी बारीक बूच तयार करतो आणि घामाची वाट अडते. मात्र येथे औषधाइतकेच महत्त्व ते लावण्याच्या रीतीला आहे. ते रात्री निजताना लावायचे, कारण त्या वेळी ग्रंथी शांत असतात. काख पूर्ण कोरडी असताना लावायचे आणि सकाळी धुऊन टाकायचे. सुरुवातीला रोज, आणि घाम आटोक्यात आल्यावर आठवड्यातून एकदोनदा पुरते. ओल्या त्वचेवर लावल्यास पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि आग होते. केस काढल्यावर लगेच लावल्यासही तसेच. पुष्कळ लोक सकाळी आंघोळीनंतर घाईघाईने ते चोळतात, चार दिवस जळजळ सोसतात आणि ‘औषध मानवले नाही’ असे म्हणून सोडून देतात. चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. ते कसे लावावे हे सांगण्यास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे न मिळाल्यामुळे चांगले औषध वाया जाते, हे वैद्यकव्यवसायाने ध्यानात घेतले पाहिजे.

अलीकडच्या काळात आणखी एक मार्ग खुला झाला आहे. मज्जातंतू ‘ॲसिटिलकोलीन’ या द्रव्याच्या द्वारे ग्रंथींना निरोप पोचवितात. तो निरोपच अडविणारी औषधे आता त्वचेवर लावता येतात. ग्लायकोपायरोनियमच्या औषधी पुसण्यांना अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. सोफपायरोनियम या औषधाच्या मलमाला जपानने २०२० साली आणि अमेरिकेने २०२४ साली परवानगी दिली. या औषधांचा स्वभाव समजण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. धोतऱ्याच्या विषाचे गुण खेड्यापाड्यांतही ठाऊक आहेत. तोंडाला कोरड पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणे, दिसणे अंधुक होणे, लघवी अडणे ही लक्षणे त्याच प्रकारच्या क्रियेतून उद्भवतात. औषधाच्या मोजक्या मात्रेत ती सौम्य असतात. पण हात न धुता डोळे चोळले तर बाहुली विस्फारते, आणि काही प्रकारच्या काचबिंदूच्या वा मूत्रावरोधाच्या रोग्याला ही औषधे अपायकारक ठरू शकतात. कडक उन्हात राबणाऱ्याला तर दुहेरी सावधगिरी हवी. औषध अंगात भिनून सर्वांगाचाच घाम कमी झाला, तर उष्माघाताचा धोका वाढतो.

म्हणूनच चिठ्ठीचा आग्रह धरला पाहिजे. दुकानदाराला विचारून बाटली आणणे सोपे असते. पण हा घाम स्वतंत्र व्याधी आहे, की दुसऱ्या रोगाची खूण, हे दुकानदार सांगू शकत नाही. झोपेत अंथरूण भिजविणारा घाम क्षयाची सूचना असू शकतो, आणि भारतात ती सूचना दुर्लक्षिणे घातक आहे. अवटु ग्रंथीचा अतिरेक, रक्तातील साखर उतरणे, ऋतुनिवृत्ती, नैराश्यावरील काही गोळ्या यांनीही घाम वाढतो. उलट बाजूने, काखेत खाज सुटली म्हणून मनानेच आणलेली स्टिरॉइडयुक्त मलमे तेथील कोवळी त्वचा पातळ करून कायमचे व्रण ठेवून जातात. चार प्रश्न विचारणारा डॉक्टर हा अशा वेळी औषधाहूनही मोलाचा.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला भीतीचा: ॲल्युमिनियमने कर्करोग होतो, असे ऐकिवात असते. आजवरच्या संशोधनातून असा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे, हा सल्ला रास्त आहे. दुसरा आक्षेप नीतीचा: ज्या देशात तापाच्या रोग्याला खाट मिळत नाही, तेथे घामाच्या डागाचे कौतुक कशाला? हा प्रश्न वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु आजाराचे मोल केवळ मृत्यूच्या संख्येने ठरत नाही. उत्तर ठाऊक असूनही वर्गात हात वर न करणारा मुलगा, मुलाखतीला न जाणारी मुलगी, बढतीपेक्षा मागची खुर्ची पसंत करणारा कारकून यांचे नुकसान कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडत नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही. शिवाय येथे मोठ्या खर्चाची मागणीच नाही. बोट्युलिनमची इंजेक्शने महाग असतात आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात. मज्जातंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना पाठीवर वा पोटावर नव्याने घाम सुटू लागतो. या दोन्हींपूर्वी जी पायरी आहे ती स्वस्त आहे, साधी आहे, आणि नेमकी तीच अनेकांकडून चढली जात नाही.

ती चढण्यासाठी तिघांनी थोडे थोडे बदलले पाहिजे. शिक्षकाने भिजलेल्या बाहीवरून विद्यार्थ्याला टोमणा मारू नये आणि दुसऱ्याला मारू देऊ नये. डॉक्टराने ‘घाम सगळ्यांनाच येतो’ असे हसून म्हणत रोग्याला वाटेला लावू नये. आणि रोग्याने तपासणीच्या खोलीत, सर्दीखोकल्याविषयी बोलावे इतक्या सरळपणे, आपल्या काखेविषयी बोलावे. ज्या घामात कोणताच अपराध नाही, त्याची शिक्षा माणसाने वर्षानुवर्षे भोगावी आणि सुटकेचा अर्जही करू नये, हे शहाणपणाचे लक्षण खास नव्हे.