अंतराचा जमाखर्च

मुंबईत नोकरी आणि मुंबईबाहेर घर ही व्यवस्था आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, घर घ्यावयाचे ते किती लांब घ्यावे या प्रश्नाचा स्वतंत्र विचार करण्याची आवश्यकता फारशी कोणास वाटत नाही. ऐपतीत बसेल तेवढे कर्ज काढावे, त्या रकमेत दोन खोल्या जेथे मिळतील ते स्टेशन आपले मानावे आणि पुढचे सारे लोकलवर सोपवावे, असा हा रूढ मार्ग आहे. त्याच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते ते बहुधा वडीलधाऱ्यांच्या मुखातून आणि काटकसरीच्या भाषेत येते, आणि त्यामागे स्वतःच्या मालकीच्या छपराविषयी जी ओढ असते ती आदरणीयच आहे; म्हणून त्याचे खंडन करावयाचे तर ते आधी पुरते ऐकून घेतले पाहिजे.

पूर्वपक्ष असा. दूरच्या उपनगरात जागा स्वस्त, आणि प्रवासाचा खर्च म्हणजे दुसऱ्या वर्गाचा पास, जो घराच्या हप्त्यापुढे नगण्य. तेव्हा ठाण्याऐवजी बदलापूर पत्करले तर बचत निव्वळ आहे. भाड्याने राहणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे, तर हप्ता भरणे म्हणजे मिळकत उभी करणे. आज गैरसोय असली तरी उद्या मेट्रो येईल, पूल होईल, आणि मग हीच जागा दुप्पट होईल. आणि या सर्वांवर कडी करणारे म्हणणे हे की, आमच्या आधीच्या पिढीने डोंबिवलीहून रोज बोरीबंदर गाठून संसार केले, मुले शिकवली. त्यांचे काय अडले?

या शेवटच्या म्हणण्यापासूनच आरंभ करतो, कारण त्यात हिशेबापेक्षा अभिमान अधिक आहे आणि तो अभिमान खरा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणास पोहोचला; परंतु मराठी मध्यमवर्ग त्या मार्गाने खऱ्या अर्थाने लोटला तो स्वातंत्र्यानंतर. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतली भाडी गोठली. जे आत होते त्यांना अल्प भाड्यात राहता आले, पण नवी भाड्याची घरे बांधण्यात कोणास स्वारस्य उरले नाही, आणि ज्या खोलीत आईबाप नि चार भावंडे राहत होती तीत भावंडांच्या संसारांना जागा नव्हती. ती भावंडे डोंबिवलीस गेली, कल्याणास गेली, आणि तेथे त्यांनी वाचनालये, शाळा, नाट्यगृहे यांच्यासह एक भरीव सांस्कृतिक जीवन उभे केले. हे सारे मान्य करून असे विचारले पाहिजे की, त्या पिढीच्या दिवसाची घडी कशी होती? कचेरी बहुधा फोर्टात, बँकेत, सचिवालयात वा गोदीत, वेळा ठरलेल्या, एका गाडीत बसले की शेवटच्या स्टेशनावर उतरून चालत कचेरी गाठावी, आणि बहुतेक घरांत बाहेर जाणारा माणूस एक, घर सांभाळणारे माणूस दुसरे.

यांपैकी आज काय शिल्लक आहे? नोकऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या, अंधेरीच्या सीप्झकडे गेल्या, पवईस आणि ऐरोलीस गेल्या. कल्याणच्या माणसाला वांद्रे-कुर्ला संकुल गाठावयाचे तर त्याने घरापासून स्टेशनापर्यंत शेअर रिक्षा धरावी, गाडीने कुर्ल्यास उतरावे, आणि तेथे पुन्हा रिक्षाच्या वा बसच्या रांगेत उभे राहावे. ज्याने हा प्रवास केला आहे तो जाणतो की, किलोमीटर जेवढे थकवीत नाहीत तेवढे हे वाहन बदलणे थकविते, आणि त्यात जाणारा वेळ कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो. शिवाय आता बाहेर जाणारी माणसे दोन आहेत, आणि त्या दोघांच्या कचेऱ्या एकाच दिशेस असतील असा भरवसा नाही. पूर्वजांचा दाखला देताना पूर्वजांची परिस्थितीही बरोबर आणता आली असती तर तो दाखला लागू पडला असता.

आता पासाचा मुद्दा. पास स्वस्त आहे हे निर्विवाद. गरीब माणसाला या शहराने दिलेली ती सर्वांत मोठी सवलत आहे आणि ती टिकली पाहिजे. परंतु पासाच्या किमतीवरून प्रवासाचा खर्च ठरविणे ही मुळातली चूक आहे. योहान फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदार-अर्थशास्त्रज्ञाने १८२६ साली शेतजमिनीच्या संदर्भात जे दाखवून दिले, की बाजारपेठेपासून जमीन जितकी दूर तितका तिचा खंड कमी, कारण माल वाहून नेण्याचा भार त्या खंडातूनच वजा होत असतो, तेच तत्त्व घरालाही लागू आहे. फरक इतकाच की येथे वाहून न्यावयाचा माल म्हणजे आपण स्वतः. दूरची जागा स्वस्त असते म्हणून आपणास काही लाभ होतो असे नव्हे. तिच्या स्वस्ताईत आपल्या वेळेची किंमत आधीच वजा झालेली असते. प्रश्न एवढाच उरतो की, ही वजावट आपल्या कुटुंबाच्या बाबतीत पुरेशी आहे की तोकडी.

आणि ती ठिकठिकाणी सारखी नसते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, कल्याण ५४, बदलापूर ६८. कागदावर ही चढण एकसारखी दिसते. प्रत्यक्षात कल्याणास मार्ग दुभंगतो, एक फाटा कसाऱ्याकडे जातो नि दुसरा कर्जतकडे, आणि त्याबरोबर गाड्याही विभागल्या जातात. ठाण्यास एक गाडी चुकली तर माणूस पुढची धरतो. कल्याणपलीकडे गाडी चुकली तर त्याचा सारा दिवस मागे सरकतो, म्हणून तो गाडीच्या कितीतरी आधी फलाटावर येऊन उभा राहतो, आणि हा उभा राहण्याचा वेळ कोणी प्रवासात मोजीत नाही. म्हणून कल्याणपर्यंतचे अंतर आणि कल्याणपुढचे अंतर या दोन भिन्न गोष्टी आहेत. घराच्या किमती पाहताना तेथून आपल्या कामाच्या वेळेस किती गाड्या सुटतात, त्यांपैकी किती तेथूनच सुटणाऱ्या आणि किती पाठीमागून भरून येणाऱ्या, हे ज्याने पाहिले नाही त्याने अंतर पाहिलेच नाही.

भरून येणाऱ्या गाडीचा अर्थ पास विकत घेणाऱ्यास सांगावा लागत नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही मृत्युमुखी पडले. ती माणसे हौसेने दारात उभी नव्हती. कामाच्या वेळेवर पोहोचण्याकरिता आत शिरण्यास जागा नसलेली गाडी त्यांना धरावी लागली होती, आणि ही सक्ती दूरच्या घराच्या किमतीचाच एक भाग आहे.

येथे काही सुशिक्षित मंडळी दुसऱ्या टोकाची बाजू मांडतात, तीही मला मान्य नाही. ती म्हणतात, वेळ म्हणजे पैसा. पगाराला कामाच्या तासांनी भागावे, येणाऱ्या दराने प्रवासाचे तास गुणावेत, की उत्तर हाती येते. हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे, परंतु तो जे दाखवितो ते त्याच्या कर्त्यांच्या अपेक्षेहून निराळे आहे. जवळच्या आणि लांबच्या घरांच्या किमतीत तीस लाखांचा फरक आहे असे धरू. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीवर तीस लाखांचा हप्ता दरमहा सुमारे २६,००० रुपये पडतो. लांबच्या घरामुळे एका माणसाचे रोज दोन तास अधिक जातात आणि महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस, असे मानले तर पन्नास तास वाचविण्यासाठी २६,००० रुपये, म्हणजे तासाला ५२० रुपये मोजावे लागतात. इतकी मिळकत फार थोड्यांची असते. पण घरातून दोघे जात असतील तर तेच तास शंभर होतात आणि दर २६० वर येतो. आणि महाविद्यालयात जाणारे तिसरे कोणी असेल तर त्याहूनही खाली. तेच लांबचे घर एकट्या मिळवत्याला परवडणारे आणि दोघे मिळवत्यांना महाग असू शकते, ही गोष्ट सल्ला देणारे कधी सांगत नाहीत, कारण ते सल्ला देतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एकच पास असतो.

परंतु या गुणाकाराचा खरा दोष पुढे आहे. त्यात सर्व तास सारखे धरलेले असतात. बदलापुरास राहून फोर्टातल्या कचेरीत साडेनऊला हजर होणाऱ्या स्त्रीला सातच्या आत घर सोडावे लागते, म्हणजे पोळीभाजी, डबे, मुलाचे दप्तर आणि नळाचे पाणी ही सर्व कामे त्याच्या आधी उरकलेली असली पाहिजेत. संध्याकाळच्या महिला डब्यात मेथीची जुडी मांडीवर घेऊन पाने खुडणाऱ्या, गवारीच्या शेंगा मोडून पिशवीत भरणाऱ्या स्त्रिया आपण पाहतो, आणि त्यांच्या उद्योगशीलतेचे कौतुक करून पुढे जातो. मला त्या दृश्याचे कौतुक वाटत नाही, चीड येते. घरी पोहोचल्यावर भाजी निवडण्याइतका अवकाश उरणार नाही, हे ज्या घराने ठरवून टाकले ते घर घेताना तिचे मत कितपत विचारले गेले होते? पुरुषाचे दोन तास विश्रांतीतून जातात. तिचे दोन तास झोपेतून जातात, कारण तिचे घरचे काम त्याच प्रमाणात कमी होत नाही. पाचसहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ हा काळ गेला की दिवस संपला. तो काळ रविवारी दुप्पट करून परत देता येत नाही. हे तास पगाराच्या दराने गुणता येत नाहीत, आणि म्हणूनच ते हिशेबातून गळतात.

भाड्याविषयीचे म्हणणे अधिक गंभीरपणे घेतले पाहिजे. घरमालक अकरा महिन्यांनी भाडे वाढवितो, कधी कधी जागाच परत मागतो, दलाल प्रत्येक वेळी आपले घेतो, मुलाची शाळा बदलावी लागते, जात आणि आहार विचारून नकार देणारे मालकही आहेत. या हालांना कंटाळून ज्याने कोठे का होईना पण स्वतःचे घर घेतले त्याला अविचारी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु भाडे पाण्यात जाते नि हप्ता मिळकतीत जातो, हे वाक्य मात्र खरे नाही. वरच्याच उदाहरणातील पहिल्या महिन्याच्या हप्त्यात २१,२५० रुपये व्याज असते, आणि मुद्दल फिटते ते पाच हजारांहूनही कमी. व्याज हे पैशाचे भाडेच होय. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर ही आकारणी वेगळी. मालकीचे समाधान मोठे आहे. त्याची किंमत किती हे स्वच्छ कळल्यावर ते घ्यावे, एवढेच माझे म्हणणे.

भविष्यातील सोयींच्या आशेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले आणि तीतून पहिला प्रवासी गेला तो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. काम सुरू झाले त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल तोवर शालान्त परीक्षा देऊन पुढे गेले होते. होणाऱ्या मार्गाची किंमत मात्र बांधकाम व्यावसायिक नकाशा प्रसिद्ध झाला त्या दिवसापासून जागेत धरतो.

तर मग निवड कशी करावी? माझे मत असे की, प्रचलित क्रम उलटा केला पाहिजे. आपण आधी खोल्या ठरवितो, मग रक्कम, आणि उरेल ते अंतर पत्करतो. त्याऐवजी घरातल्या प्रत्येक जाणाऱ्या माणसाने दाराच्या उंबरठ्यापासून कचेरीच्या मेजापर्यंत किती वेळ द्यावा याची मर्यादा आधी ठरवावी, ती मर्यादा ज्याच्यावर घरकामाचा भार सर्वांत अधिक त्याच्या सोयीने ठरवावी, आणि त्या मर्यादेत जे बसेल तेवढ्याच चौरस फुटांवर संतोष मानावा. तेथे विकत घेणे झेपत नसेल तर भाड्याने राहावे. एक खोली कमी असलेले घर गैरसोयीचे असते, पण त्या घरात माणसे जागेपणी एकमेकांस भेटतात. ज्यांचे काम भिवंडीस, अंबरनाथच्या कारखान्यांत वा कल्याणातच आहे, जे निवृत्त आहेत, ज्यांची कचेरी आठवड्यातून एकदोनदाच बोलाविते, त्यांच्यासाठी हेच गणित दूरच्या घराच्या बाजूने लागेल, आणि त्यांनी ते निःशंकपणे घ्यावे. फोर्टापासूनचे अंतर हे आता कोणाचेच माप नाही. ज्याचे त्याचे काम हेच माप.

जागा दाखविण्यासाठी नेहमी रविवार निवडला जातो, मोटारीने नेले जाते, आणि त्या दिवशी रस्ते मोकळे असतात. वाचकांना माझी विनंती एवढीच की, घरातल्या सर्व मिळवत्या माणसांनी आषाढातल्या एका मंगळवारी त्या वस्तीतून सकाळच्या गाडीने आपापल्या कचेरीस जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत यावे. जमले तर एक पावसाळा तेथेच भाड्याने राहून पाहावे. आणि टोकनाची रक्कम देण्यापूर्वी, घरात जे माणूस सर्वांत आधी उठते, त्याची संमती सर्वांत आधी घ्यावी.