मजुराचे मन आणि मालकाचा हिशेब

बांधकाम मजुरांच्या मानसिक स्वास्थ्याची चिंता अलीकडे बांधकाम व्यावसायिकांनाही वाटू लागली आहे. एखाद्या सकाळी कामाच्या जागी योगशिक्षक येतो, ताणतणावावर व्याख्यान होते, मजुरांना ओळीने बसवून छायाचित्र काढले जाते. आणि दुपारी तोच मजूर सुरक्षापट्ट्यावाचून बाराव्या मजल्याच्या परांचीवर चढतो. ही चिंता दांभिक आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मनाचे दुखणे आभाळातून पडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात १,६४,०३३ व्यक्तींनी आत्महत्या केली; त्यांपैकी ४२,००४, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक, रोजंदारीवर जगणारे होते. हे सारेच बांधकाम मजूर नव्हेत; परंतु नाक्यावर उभा राहणारा मजूर याच वर्गातला. सकाळी कोणी कामावर नेले नाही तर त्याचा दिवस बुडतो. मुकादमाची उचल फिटल्याखेरीज त्याला गाव दिसत नाही. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढव्यात एका गृहसंकुलाची भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर रात्री कोसळली आणि १५ जण दगावले. तशाच झोपडीत आज पाठ टेकणाऱ्याला निश्चिंत राहण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

पैसा नाही, ही सबबही खोटी आहे. १९९६ च्या उपकर कायद्याने बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर बसविला; १० कोटींच्या इमारतीमागे १० लाख रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मार्च २०१८ च्या निकालात नमूद आहे की, देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रक्कम जमा झाली असताना मजुरांसाठी सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले होते. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. उपकर मात्र कायम आहे. लाभासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचा मालक रोज बदलतो, त्याने तो कोणाकडे मागावा?

मानसिक आरोग्य सेवा कायद्याने २०१७ साली प्रत्येकाला शासकीय उपचारांचा हक्क दिला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी सेवाही आहे. परंतु एका खोलीत आठ जण राहत असताना मन मोकळे करायचे कोठे? रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि कामाची वेळ एकच. डॉक्टर गाठायचा तर मजुरी बुडते. मजुरीशिवाय वापरता न येणारा हक्क कागदावरच राहतो.

मात्र दोष केवळ मालक आणि शासन यांचा नाही. ‘आधी भाकरी, मन मागाहून’ असे मानणारे कार्यकर्ते डाव्या चळवळीतही कमी नाहीत. वस्तुतः हा भेदच कृत्रिम आहे. थकलेल्या मजुरीच्या काळजीने ज्याची झोप उडाली आहे, त्याची भाकरी आणि मन यांची फारकत करायची कशी? खचलेला माणूस सभेला येत नाही, संघटनेत टिकत नाही, अन्यायाला स्वतःचेच प्राक्तन समजतो. शोषणव्यवस्थेला याहून सोयीचे काय असणार?

म्हणून संघटनेने मागण्या नेमक्या केल्या पाहिजेत. मजुरी दर आठवड्याला आणि लेखी नोंदीने मिळावी. नोंदणी नाक्यावरच व्हावी. राहण्याच्या सुरक्षित जागेची जबाबदारी ठेकेदारावर न सोडता मूळ मालकावर टाकावी. उपकराच्या निधीतून नाक्याजवळ, संध्याकाळी, मजुराच्या भाषेत बोलणारे मानसोपचार केंद्र चालवावे. उपचारासाठी बुडालेल्या दिवसाची भरपाईही त्याच निधीतून द्यावी. हे दान नव्हे. मजुरांच्याच नावाने गोळा झालेला पैसा आहे. तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांनी नाक्यावर जाऊन नोंदणीचे अर्ज भरून घेण्यापासून आरंभ करावा, आणि अर्ज भरताना समोरच्या माणसाला झोप लागते का, हेही विचारावे.